रुपयाचा लगाम कोणाच्या हाती?

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल, की चलन, मध्यवर्ती बँक, सरकारी खर्च या गोष्टी शेटसावकारांनी आणि दिल्लीच्या मंत्र्यांनी पाहाव्यात; हातावर पोट असणाऱ्याचा त्यांच्याशी काय संबंध? माझे उत्तर असे आहे, की या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध त्याचाच आहे. रुपयाची किंमत उतरली तर जमीनदाराच्या जमिनीचा भाव चढतो आणि व्यापाऱ्याच्या वखारीतला माल महाग होतो. त्यांचे नुकसान भरून निघते; किंबहुना कित्येकदा त्यात त्यांचा फायदाच होतो. मजुराजवळ मात्र ठरलेल्या मजुरीचे रुपये एवढीच मिळकत असते. त्या रुपयाचे सत्त्व गेले, की त्याच्या घामाचे मोलही त्याबरोबर जाते.

आपल्या समाजापुरते बोलायचे तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. आपल्या वाडवडिलांना कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळत असे, आणि तो हक्काने न मिळता दारोदार मागावा लागे. त्या गुलामगिरीतून सुटका व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने नष्ट झाली. बलुते सोडून रोख वेतन घेणे ही आपली मुक्तीच होती. रोख पैसा घेणाराची जात विचारीत नाही. पण जो मनुष्य धान्य सोडून रुपयावर विसंबतो, त्याने तो रुपया कोण निर्माण करतो आणि किती निर्माण करतो, हे विचारावयास नको काय?

हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत ज्यांनी फार आवेशाने विचारला, त्यांना व्यक्तिस्वातंत्र्यवादी अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. ऑस्ट्रियाच्या लुडविग फॉन मीझेस यांनी पैसा व पतपुरवठा यांवरील आपला ग्रंथ १९१२ साली लिहिला. त्यांचे अनुयायी फ्रीडरिश हायेक यांनी १९७६ साली, पैसा काढण्याची मक्तेदारी सरकारकडून काढूनच घ्यावी, असे प्रतिपादन केले. अमेरिकेत मरे रॉथबार्ड यांनी १९६३ साली सरकारने पैशाची काय दशा केली, याच प्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. या मंडळींचे मध्यवर्ती बँकेवरील मुख्य आरोप तीन आहेत.

पहिला आरोप छुप्या कराचा. समजा, एका गावच्या बाजारात शंभर पायली ज्वारी आहे आणि लोकांच्या हाती शंभर रुपये आहेत. सरकारने आणखी शंभर रुपये छापून खर्च केले, तर ज्वारी काही वाढत नाही. भाव मात्र दुपटीकडे जाऊ लागतो. ज्याने कनवटीला दहा रुपये बांधून ठेवले होते, त्याचे जवळजवळ पाच रुपये कोणीही हात न लावता गेले. ना वसुलीची नोटीस, ना पावती.

दुसरा आरोप असा, की नवा पैसा सर्वांच्या हाती एकाच वेळी येत नाही. तो प्रथम सरकार, ठेकेदार आणि बडे कर्जदार यांच्या हाती येतो. ते जुन्या भावाने खरेदी करून घेतात. झिरपत झिरपत तो मजुरापर्यंत पोहोचतो, तेव्हा भाव चढलेले असतात. रिचर्ड कांतियों या लेखकाने अठराव्या शतकातच हे ओळखले होते. तिसरा आरोप असा, की बँकेने व्याज कृत्रिमरीत्या स्वस्त केले म्हणजे खोटी भरभराट येते, न टिकणारे धंदे उभे राहतात, आणि शेवटी मंदीत प्रथम कामावरून निघतो तो कामगार.

हे आरोप पोकळ नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या सरकारने आपला खर्च नोटा छापून भागविला. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. आयुष्यभराची पुंजी एका पावाच्या किमतीची राहिली नाही. झिंबाब्वेमध्ये २००८ साली तेच घडले. २००९ च्या आरंभी तेथे शंभर लाख कोटी डॉलरची एकेक नोट निघाली, आणि त्याच वर्षी लोकांनी स्वदेशाचे चलन टाकून परदेशी चलनात व्यवहार सुरू केले. कोणत्याही देशात ही पाळी आली, तेव्हा तिच्या मुळाशी हिशेब न देता खर्च करणारे सरकार आणि त्याला नकार देऊ न शकणारी बँक सापडते.

पण उदाहरणासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. १८३५ पासून आपल्या रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, आणि कोणीही चांदी नेऊन टांकसाळीतून तिचे रुपये पाडून घेऊ शके. १८७३ नंतर जगात चांदीचा भाव घसरू लागला. इंग्लंडला दरसाल सोन्यात पाठवावयाच्या रकमेचा बोजा त्यामुळे वाढला, तेव्हा सरकारने १८९३ साली मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. त्या दिवसापासून रुपया चांदीच्या नव्हे, तर सरकारच्या मर्जीच्या भरवशावर चालू लागला. पुढे त्याची हुंडणावळ १ शिलिंग ४ पेन्स ठरवून सुवर्ण विनिमय परिमाण नावाची व्यवस्था आली. देशात सोन्याचे नाणे नाही, पण परदेशी देणे देण्यापुरते सोने लंडनला मिळेल, अशी ती व्यवस्था होती. पहिल्या महायुद्धात ती कोलमडली. भाव भडकले, मजुरी मागे राहिली, आणि १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतील लाखाहून अधिक कामगार महागाईमुळे संपावर गेले. १९२० साली सरकारने रुपया २ शिलिंगांवर टिकविण्याचा हट्ट धरला; त्यात कोट्यवधी रुपये गेले आणि दर टिकला नाही तो नाहीच.

नेमक्या याच वेळी लंडनला बाबासाहेब या विषयाच्या अभ्यासात गढले होते. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. केन्स या विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९१३ साली सुवर्ण विनिमय परिमाणाची भलामण केली होती. बाबासाहेबांनी तिचा मुद्देसूद प्रतिवाद केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. या व्यवस्थेत रुपये किती काढावेत याला कोणताच बंधनकारक नियम नाही. हुंडणावळ स्थिर दिसली म्हणजे रुपया स्थिर झाला असे नव्हे. बाजारात त्या रुपयाला किती धान्य, किती कापड मिळते, यावर त्याची खरी स्थिरता ठरते. रुपया स्वस्त झाल्याने निर्यातदाराला जो नफा होतो, तो आकाशातून पडत नाही; भाव चढतात आणि मजुरी त्यांच्या मागे रेंगाळते, त्या अंतरातून तो येतो. म्हणजे तो मजुराच्या ताटातून काढलेला असतो.

१९२५ च्या डिसेंबरात हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. सरकारच्या हाती चलनाचे व्यवस्थापन देण्याविरुद्ध त्यांनी तेथे दिलेले कारण आजही विचार करण्यासारखे आहे. खाजगी बँकेने अविचाराने नोटा काढल्या तर तिचे स्वतःचे दिवाळे निघते. सरकारी अधिकाऱ्याने तसे केले तर त्याच्या खिशाला झळ लागत नाही. यास्तव चलनाची रचना अशी असावी, की ती चालकाच्या शहाणपणावर वा सचोटीवर अवलंबून राहू नये. रुपये पाडणे कायमचे थांबवावे, सोन्याच्या नाण्यासाठी टांकसाळ उघडावी, दोहोंमधील प्रमाण ठरवावे, पण रुपयाच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन ठेवू नये. अशी त्यांची योजना होती. रुपयांची संख्याच गोठविली म्हणजे ती वाढविण्याचा मोह राहणार नाही, हे तिचे मर्म.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या सभांतून असे सांगितले जाते, की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. वस्तुस्थिती अशी आहे, की आयोगाने १९२६ च्या अहवालात मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. परंतु रुपयांची संख्या गोठवून सोन्याचे नाणे सुरू करण्याची बाबासाहेबांची योजना आयोगाने स्वीकारली नाही. त्यांचा भर नव्या संस्थेपेक्षा तिला बांधून ठेवणाऱ्या नियमावर होता. ज्याने ज्ञानाच्या बळावर साम्राज्याच्या अर्थपंडितांना आव्हान दिले, त्याला अतिशयोक्तीच्या अलंकाराची गरज नाही. त्यांचा विचार जसा होता तसा समजून घेणे हाच त्यांचा खरा गौरव होय.

नियमाचा आग्रह किती सार्थ होता, हे नव्या बँकेच्या पहिल्या आठ-दहा वर्षांतच कळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या वतीने हिंदुस्थानात जो खर्च झाला, त्याच्या मोबदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगच्या नोंदी जमा होत गेल्या, आणि त्या नोंदींच्या तारणावर येथे नोटा छापल्या गेल्या. १९३९ ते १९४५ या काळात चलनातील नोटा पाचपटींहून अधिक झाल्या. कायद्याचे अक्षर पाळले गेले; तारण कागदोपत्री पुरेपूर होते. पण बाजारात धान्य पाचपट झाले नव्हते. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. त्याची कारणे अनेक होती: ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, वादळाने पीक गेले, सरकारने मदतीला विलंब केला. परंतु अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की युद्धखर्चाच्या पैशाने भाव भडकले आणि ज्यांची मजुरी त्या भावामागे धावू शकली नाही, ते शेतमजूर व मच्छीमार आधी मेले. मृतांची संख्या २० ते ३० लाख धरली जाते. कलकत्त्यात सरकारी व युद्धोपयोगी कारखान्यांच्या नोकरांना स्वस्त धान्य मिळत होते. खेड्यातल्या भूमिहीनाच्या हाती फक्त सत्त्व गेलेला रुपया होता. चलनफुगवटा हा विद्वानांच्या वादाचा विषय नव्हे, तो जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे यावरून दिसेल.

आता आपण विचाराल, की मग व्यक्तिस्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे सर्वस्वी का मानू नये? सरकारचा पैशाशी संबंधच तोडून टाकावा, सोन्याचे नाणे आणावे अथवा खाजगी बँकांनाच आपापले चलन काढू द्यावे, हा त्यांचा उपाय का स्वीकारू नये?

याचे उत्तरही इतिहासच देतो. १९२९ साली जगभर महामंदी आली, तेव्हा बहुतेक मोठे देश सोन्याला बांधलेले होते. ब्रिटनने १९३१ साली ते बंधन तोडले. ज्यांनी ते लवकर तोडले ते देश सामान्यतः लवकर सावरले. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेविषयी मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांनी १९६३ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात तिच्यावरचा आरोप पैसा फार वाढविल्याचा नाही. बँका बुडत असता तिने देशातला पैसा एक तृतीयांशाने आटू दिला, असा आहे. आपल्याकडे त्या वर्षांत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. कर्जाचा आकडा मात्र तोच राहिला. दहा मण धान्यात फिटणाऱ्या कर्जाला वीस मण लागू लागले. कुळांनी आणि शेतकऱ्यांनी घरातले सोने मोडले, आणि ते सोने १९३१ नंतर बोटी भरभरून परदेशी गेले. म्हणजे पैसा भरमसाट झाला तर मजूर मरतो, आणि पैसा आटला तर कर्जदार मरतो. आपल्यात मजूरही आहेत आणि कर्जदारही आहेत.

दुसरे असे, की खाजगी हात म्हणजे न्यायी हात, हे कोणी ठरविले? गावच्या सावकारावर कोणत्याही मध्यवर्ती बँकेचा ताबा नव्हता. त्याचे कर्ज हे पूर्णपणे खाजगी आणि मुक्त होते. पण ते घेणारा मुक्त राहत नसे. सरकारी जुलमाविषयी जागरूक असणारे हे विद्वान सामाजिक जुलमाविषयी बहुधा मौन पाळतात. बाबासाहेबांनी तसे मौन पाळले नाही. ज्यांनी १९२५ साली सरकारच्या हातातील चलनावर अविश्वास दाखविला, त्यांनीच १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, अशी मागणी केली. यात विसंगती आहे असे काहींना वाटते. मला ती दिसत नाही. राज्याने दुर्बलांसाठी खर्च करावा, पण तो उजेडात करावा. कर बसवून, कायद्याने मर्यादा घालून, पै-पैचा हिशेब देऊन करावा. गुपचूप रुपया पातळ करून नव्हे. राज्य प्रबळ असावे आणि बांधलेलेही असावे, हे ते एकसूत्र होय.

हेच सूत्र आपल्या राज्यघटनेत आहे. तिच्या २६५ व्या अनुच्छेदाप्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही. चलनफुगवटा हा जर कर असेल, तर तो या अनुच्छेदाच्या अक्षराला नसला तरी हेतूला बाध आणणारा कर आहे. २९२ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्र सरकारच्या कर्जाला संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. घटना समितीत बाबासाहेबांनी अशी अपेक्षा व्यक्त केली होती, की संसद हा अधिकार गांभीर्याने वापरील. आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक हा घटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असे त्यांनी १९४९ साली त्याच सभागृहात सांगितले.

स्वातंत्र्यानंतर ही अपेक्षा कितपत पुरी झाली? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी तुटीचा अर्थभरणा करण्याचे ठरले, तेव्हा १९५५ साली अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळात बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. हायेक यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. त्यांची सर्व मते आपल्याला मान्य होण्याजोगी नाहीत; पण महागाई आणि परकीय चलनाची टंचाई यांविषयीचा त्यांचा इशारा खोटा ठरला नाही. युद्धे, अवर्षण आणि तूट यांच्या भाराखाली ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १९९१ साली परकीय गंगाजळी आटली, तेव्हा देशाचे सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवण्याची नामुष्की आली. रिझर्व्ह बँकेने सरकारच्या तात्पुरत्या हुंड्यांवर आपोआप पैसा द्यावा, ही जुनी वहिवाट १९९४ च्या कराराने आखडली आणि १९९७ साली बंद झाली. तूट आवरण्याचा कायदा २००३ साली झाला, आणि महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास राखण्याची जबाबदारी २०१६ साली कायद्याने ठरविण्यात आली. लगाम घालण्याची ही वाटचाल आहे. पण कायदा झाला म्हणजे तो पाळला गेला असे नव्हे, हे आपल्या समाजाला कोणी सांगावयास नको.

त्याच २०१६ सालच्या ८ नोव्हेंबरला पाचशे आणि हजारच्या नोटा एका रात्रीत रद्द झाल्या. चलनातल्या एकूण रकमेचा सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांत होता. रोजंदारीवरचा मजूर रांगेत उभा राहिला, त्याची मजुरी बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक मताने हा निर्णय वैध ठरविला. परंतु न्यायमूर्ती नागरत्ना यांनी आपल्या भिन्न निकालात म्हटले, की सरकारच्या पुढाकाराने एवढे मोठे पाऊल टाकावयाचे तर ते संसदेच्या कायद्यानेच टाकले पाहिजे. रुपयावरचा अधिकार कोणाचा, हा शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही, याचे हे प्रत्यंतर आहे.

तेव्हा बंधु-भगिनींनो, आपण काय करावे? अर्थसंकल्पाची बातमी वाचून पान उलटू नका. आपल्यासाठी कोणती योजना निघाली एवढेच विचारून थांबू नका; तिचा पैसा करातून येतो की कर्जातून, आणि महालेखापरीक्षकाने तिच्याविषयी काय लिहिले, हेही विचारा. शिष्यवृत्तीची रक्कम जाहीर झाली, की पाच वर्षांपूर्वी त्या रकमेत किती पुस्तके येत होती आणि आज किती येतात, ते मोजा. आकडा तोच ठेवून रुपया पातळ झाला, तर ती शिष्यवृत्ती कोणीही रद्द न करता कापली गेली आहे. मजुरी ठरविताना ती महागाईच्या निर्देशांकाशी जोडून मागा. आपल्या मुलामुलींपैकी काहींनी तरी अर्थशास्त्राकडे वळावे; कारण ज्या विद्येच्या दारात आपल्याला उभे राहू दिले जात नव्हते, तीतच रुपयाच्या चाव्या आहेत.

सरकार नको असे म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ शकत नाही. सरकारने करील ते निमूटपणे मानावे असे म्हणणाऱ्यांच्या मागेही जाऊ शकत नाही. मोजकी, जाहीर आणि कायद्याने बांधलेली सत्ता, एवढीच आपली मागणी आहे. ज्याच्या हाती मजुरीच्या रुपयापलीकडे काही नाही, त्याला तो रुपया प्रामाणिक असावा असे मागण्याचा पहिला अधिकार आहे. तो अधिकार आपण समजून उमजून बजावावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय भीम.